आक्का, कमरेच्या हाडाचा वाद तसाच राहिला

आक्का,

तेराव्याला तुझ्या नर्सिंग स्कूलच्या मुली घरी आल्या होत्या. दहा-बारा जणी. चपला कुठं काढायच्या आणि कुठं बसायचं, त्यांना कळत नव्हतं. दाजींनी माझी ओळख करून दिली, "हा दत्ता, मॅडमचा धाकटा भाऊ. देवगाव रंगारीला शेती करतो." त्यातली एक जरा धीट होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे फुंकणीवाले मामा तुम्हीच का?"

मला काही उमजलं नाही. तर तीच सांगायला लागली. "मॅडम हाडांचा पहिला तास घ्यायच्या ना, तेव्हा सांगायच्या. लांब हाड म्हणजे चुलीची फुंकणी. आखूड हाड म्हणजे खडीसाखरेचा खडा. चपटं हाड म्हणजे तवा. अनियमित हाड म्हणजे अद्रक. आणि सेसमॉइड म्हणजे तीळ. सगळ्या हसायच्या. मग मॅडम म्हणायच्या, हे पुस्तकातलं नाही, माझ्या भावाचं आहे. पेपरात लिहू नका, पण डोक्यात ठेवा."

मी पाणी आणतो म्हणून उठलो. स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. बाहेर मुली वाट बघत असतील, ह्याचंही भान राहिलं नाही. शेवटी दाजी आले आणि त्यांनीच नळ बंद केला.

इतकी वर्षं तू माझं नाव घेऊन शिकवत होतीस आणि मला एकदाही सांगितलं नाहीस. का गं?

तुझ्याविषयी लोकांनी पुष्कळ लिहिलं. किती वर्षं नोकरी केली, किती मुली हाताखालून गेल्या, सगळं छापून आलं. ते त्यांचं बरोबरच आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या तुझ्या नर्सिंग होस्टेलची पायरी आठवते. रविवारी दुपारी भेटायला येणाऱ्यांना तिथवरच मुभा होती.

मी सकाळच्या एसटीनं निघायचो. मायनं दिलेल्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, असं पिशवीत असायचं. स्टँडवरनं चालत उस्मानपुऱ्यात. तू खाली यायचीस ती वही घेऊनच. भाकरी खायला बसायचीस आणि वही माझ्या मांडीवर टाकायचीस. "विचार."

मी विचारायचो. इंग्रजी शब्द माझ्या तोंडात नीट बसायचे नाहीत. तू घास चावत दुरुस्त करायचीस. हाडांचा धडा लागला तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस. "दोनशे सहा हाडं हायेत दत्ता. कुठलं कशात धरायचं, तेच ध्यानात राहत नाय."

मी म्हटलं, "आकार बघ की. नाव नंतर."

आणि मग आपण दोघं त्या पायरीवर बसून स्वतःची हाडं चाचपत राहिलो. मांडीचं हाड, आतून पोकळ, दोन्ही टोकांना जाड. मी म्हटलं, ही तर फुंकणी. मनगटात दाबून बघितलं तर आत बारके बारके खडे. डोक्याची कवटी, छातीचं हाड, खांद्याचं पातं, हे तव्यासारखं. मणका कशासारखा, ते मात्र सापडेना. पिशवीच्या तळाला मायनं घातलेली अद्रक होती. मी ती तुझ्या हातात दिली. एक फाटा इकडं, एक तिकडं, मध्ये भोक तेवढं नाही. तू इतकी हसलीस की ठसका लागला. होस्टेलच्या रखवालदार बाई आल्या, "क्या हुआ? इतना क्या हँस रे तुम लोगां?" तू म्हणालीस, "कुछ नहीं खाला, मेरा भाई पाठ में अद्रक लेके फिरता."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली ती अजून विसरलो नाही. मी विचारलं, "बोटांची हाडं आखूड असतील?" तू वही उघडून बघितलीस. लांब. करंगळीच्या टोकाचं एवढंसं हाड, तेही लांब हाडांतच. आणि बरगडी हातभर वाकलेली, ती चपटी. मी म्हटलं, "असं कसं?" तू म्हणालीस, "मोजून नाय ठरवत दत्ता. घडण कशी हाय, त्यावर ठरवतात." हे तू मला शिकवलंस का मी तुला, आता आठवत नाही. तेव्हा तसा हिशोब नव्हता आपल्यात.

गुडघ्याच्या वाटीवरून मात्र मी भांडलो होतो. लिंबाच्या फोडीएवढी वाटी, तिला तीळ कसं म्हणायचं? तू म्हणालीस, ती स्नायूच्या दोरीच्या आत वाढते म्हणून. आणि जन्मलेल्या लेकराला ती हाडाची नसतेच, मऊ कूर्चा असते, चालाय-पळायला लागल्यावर हळूहळू हाड धरते. मला खरं वाटलं नाही. पुढं तुझी मनू झाली तेव्हा मी दवाखान्यात आलो आणि पहिलं काम काय केलं? पोरीचा गुडघा चाचपला. "आक्का, हिला वाटी नाय!" बाजूच्या खाटांवरच्या बाया घाबरल्या. तू टाक्यांवर हात धरून हसत होतीस आणि म्हणत होतीस, "दत्ता, नको हसवू, दुखतंय."

मी आज हसणारी आक्काच आठवत बसलोय. पण मला दुसरंही लिहायचं आहे.

मी बारावी झालो तेव्हा तू दोन वर्षं घरी बसलेली होतीस. तुलाही चांगले मार्क होते. पण नानांच्या डोक्यात तुझं लग्न होतं. माझा नंबर शहरातल्या कॉलेजात बीएस्सीला लागला. कागद आला, तो मी स्टँडसमोरच्या पोस्टात जाऊन स्वतः आणला. त्याच आठवड्यात तू नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवलेला मला तुझ्या उशीखाली दिसला. नानांना दोघांना शहरात ठेवणं जमणार नव्हतं, आणि शेतात एक माणूस लागतच होता. ते आपल्या दोघांना माहीत होतं. पाठवायचं झालं तर पोराला पाठवतील, हेही माहीत होतं.

मी नानांना सांगितलं, "मला नाय शिकायचं. माझं डोकं चालत नाय. मी शेती बघतो. आक्काला पाठवा."

नाना चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. मग तुला पाठवलं. जाताना तू मला म्हणालीस, "लई आळशी हायेस, दत्ता. शिकला असतास तर?" मी म्हटलं, "तूच शिक दोघांचं."

तो बीएस्सीचा कागद मी मायच्या पेटीत तळाला घातला होता. माय गेल्यावर तू पेटी आवरायला घेतलीस आणि तो तुला सापडला. तू ओट्यावर आलीस, हातात कागद. सगळी माणसं बसलेली. संध्याकाळी मला गोठ्यात गाठलंस.

"हे काय हाय?"

"जुना कागद हाय."

"नंबर लागला होता तुझा."

"लागला होता. मला जायचं नव्हतं."

"खोटं बोलू नको. रविवारी येऊन माझी वही वाचायचास. माझ्या आधी तुझं पाठ व्हायचं."

मी गाईला पाणी दाखवायला वळलो. तू माझा दंड धरलास. "दत्ता, मी काय घेतलंय तुझं, ते मला कळू तरी दे." मी हात सोडवला आणि म्हटलं, "तुला कामं नायत का?" असं मी तुला कधी बोललो नव्हतो. तू दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलीस. त्यानंतर आपण बोलायचो, दिवाळीला भेटायचो, पण तो विषय मध्ये बसलेला असायचा. तू माझ्याकडं बघताना जरा जपून बघायला लागलीस. मला ते आवडायचं नाही.

मग तुला मार लागल्यासारखे निळे डाग पडायला लागले. दात घासले की रक्त. तपासण्या झाल्या आणि दाजींचा फोन आला, हाडांनी रक्त बनवायचं थांबवलंय. मी आलो तर तू खाटेवर बसून मनूला समजावत होतीस, जणू वर्गात उभी आहेस. "लहानपणी सगळ्या हाडांत रक्त बनतं. मोठं झालं की लांब हाडांच्या पोकळीत बहुतेक चरबीच राहते. मग ते काम मुख्य करून चपटी आणि अनियमित हाडं करतात. छाती, मणके, कंबर. माझी आता दमली." मनू ऐकत होती आणि रडत होती. तू चादरीवर बोटानं मणका काढून दाखवत होतीस.

भावाचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला गर, जुळला तर उपाय होता. माझा जुळला. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्याच्या जिन्यात एका अनोळखी माणसाला सांगितलं, "जुळला बरं का."

आणि तू नाही म्हणालीस.

डॉक्टरांना वाटलं तू घाबरलीस. दाजींना वाटलं, तुला माझ्या कमरेची काळजी; गर तिथनंच काढतात आणि माझं शेतीचं काम. मला माहीत होतं. सगळ्यांना बाहेर पाठवून तू मला म्हणालीस, "एकदा घेतलं तेवढं बास झालं."

"काय घेतलंस?"

"तुला माहीत हाय."

"आक्का, मनूकडं बघ."

"बघते. म्हणूनच विचारते. खरं सांग, मग मी घेते. तुला शिकायचं होतं का नाय?"

खरं सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस का? तू तसा शब्द दिला होतास. पण मला तुझा स्वभाव माहीत होता. खरं ऐकून तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हणत होते ना, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली असतीस. मला ती जोखीम घ्यायची नव्हती. मी तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नव्हतं शिकायचं. आईशप्पथ. मला कॉलेजची भीती वाटत होती."

तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. बोलाव डॉक्टरांना."

खोटं होतं, आक्का. मेलेल्या आईची शपथ घेऊन खोटं बोललो. मला शिकायचं होतं. लई शिकायचं होतं. तुझी वही मी परतीच्या एसटीत मनातल्या मनात म्हणत यायचो. कन्नडच्या वळणापर्यंत कवटी व्हायची, देवगाव येईस्तोवर पायाच्या बोटांना पोचायचो. नांगर धरून कितीदा वाटलं, आत्ता आपण प्रयोगशाळेत असतो. तुझ्याविषयी मनात वाकडं कधी आलं नाही, हेही तितकंच खरं आहे. पण हे दोन्ही एकदम तुला कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं. एक सांगितलं की दुसरं खोटं वाटेल, असं वाटायचं. मी सांगायला हवं होतं. तुझ्यात ते दोन्ही झेलण्याएवढं बळ होतं.

पुण्याच्या दवाखान्यात माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर समजावत होते. पालथं झोपवू, भूल देऊ, कमरेच्या हाडात मागून सुया घालून बोनमॅरो काढू. म्हणाले, "हे चपटं हाड आहे, ह्यात भरपूर असतो." मी तिथंच म्हटलं, "साहेब, कमरेचं हाड अनियमित ना?" ते चष्मा वर करून बघायला लागले. तुझ्या खोलीच्या काचेबाहेरून मला फोनवर बोलायची परवानगी होती. मी तुला सांगितलं. तुझे केस गेले होते, तोंडात फोड आले होते, तरी तू उठून बसलीस.

"त्यांना सांग, तीन हाडं जुळून बनलंय ते. अनियमित."

"पण ज्याच्यातनं काढणार, ते पातं तर चपटं हाय."

"वर्गीकरण सगळ्या हाडाचं करतात, तुकड्याचं नाय."

"काही पुस्तकात चपट्यात धरतात, डॉक्टर म्हणाले."

"मग ती पुस्तकं बदला म्हणावं. दत्ता, मी बरी झाले की तुला दाखवते. आमच्या शाळेत सांगाडा हाय. तू ये, हात लावून बघ आणि मग बोल."

"येतो."

"ये. खरंच ये."

मी काचेवर हात ठेवला. तू आतून ठेवला नाहीस, जंतूंची भीती. नुसतं बोट दाखवलंस, करंगळी. आणि हसलीस.

माझा बोनमॅरो तुझ्या अंगात रुजला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. रक्तपेशी वाढायला लागल्या. तू घरी आलीस. उस्मानपुऱ्यात तुमच्या गच्चीत तू दोन फेऱ्या मारल्यास, ते मनूनं फोनवर व्हिडिओ करून पाठवलं. मी ते शेतात, बांधावर बसून कितीदा पाहिलं. गड्यांनाही दाखवलं. "माझी आक्का. माझा गर हाय तिच्या हाडात." त्या दिवसांत मला माझ्याच अंगाचा अभिमान वाटायचा. हे सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

मग ताप आला. छातीत बुरशीचा संसर्ग म्हणाले. तुमच्या शहरातल्याच दवाखान्यात ठेवलं. चार दिवस बोलत होतीस, पाचव्या दिवशी तोंडात नळी. त्या चार दिवसांत मी रोज आलो. रोज ठरवून आलो की आज खरं सांगायचं. एक दिवस तुला उलटी झाली. एक दिवस मनू शेजारी बसली होती. एक दिवस तू झोपलेली होतीस आणि मला उठवावंसं वाटलं नाही. चौथ्या दिवशी तू जागी होतीस, आपण दोघंच होतो. तू विचारलंस, "अद्रक कशी हाय यंदा?" मी अद्रकीविषयी बोललो. पंधरा मिनिटं मी तुला अद्रकीला लागलेला मररोग, फवारण्या, पाऊसपाणी सांगत बसलो. तू डोळे मिटून ऐकत होतीस. नर्स आली, म्हणाली, वेळ संपली.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. मी, दाजी, त्यांचे दोन भाऊ. दूध-पाणी शिंपडलं. स्मशानातला माणूस म्हणाला, "मोठे मोठे तुकडे घ्या, बाकी राख पोत्यात भरा." बाकीचे लोक वाकून हाताला येईल ते मडक्यात टाकत होते. त्यांचं चुकलं नाही. त्यांना ते सगळं एकच दिसत होतं, पांढरं.

मला तसं दिसेना. हे मांडीच्या हाडाचं वरचं टोक, गोल. ही बरगडी. ही बरगडी. हा मणका, एक फाटा तुटलेला. हे कवटीचं, आतून रक्तवाहिनीची रेघ उमटलेली. राखेत बोट घातलं तर करंगळीएवढं हाड निघालं, आणि माझ्या तोंडून आलं, "लांब." दाजींनी ऐकलं. त्यांना वाटलं मी त्यांना बाजूला व्हायला सांगतोय, ते मागं सरकले. मग कमरेच्या हाडाचा तुकडा हाताला आला. वरची कड, पाठीमागची, जिथनं माझ्या अंगातून त्यांनी काढलं होतं तीच जागा. मी तो तळहातावर घेऊन बघत बसलो. एका बाजूनं तवा, दुसऱ्या बाजूनं सगळे खड्डे-उंचवटे. वाद मिटवायला हाड समोर होतं आणि वाद घालायला तू नव्हतीस.

"दत्ता," दाजी म्हणाले, "बास. ठेव आता मडक्यात."

मी ठेवला. पैठणला जाऊन सगळं गोदावरीत सोडलं. काही मागं ठेवलं नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याहून फोन आला होता. बोनमॅरो देणाऱ्यांची ठरावीक महिन्यांनी तपासणी करतात, त्याचा. फोन करणाऱ्या बाईंना तुझं काही माहीत नसावं, आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी सांगितल्या त्या तपासण्या इथंच करून घेतल्या आणि रिपोर्ट पाठवला. त्यांनी परत फोन केला, आवाज आनंदाचा होता. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, एकदम नॉर्मल आहे. बोनमॅरो कधीच भरून आलाय. तुमच्या शरीराला आता पत्तासुद्धा नसेल, की त्यातनं कुणी काही नेलं होतं."

"कमी काहीच नाय?" मी विचारलं.

"काहीच नाही. कंबर दुखते का?"

मी म्हटलं, नाय. खरंच दुखत नाही, आक्का. वाकतो, खुरपतो, पोतं उचलतो. कुठंच दुखत नाही.